नागपूरहून समुद्राकाठच्या सासरी जाताना: कधी जायचं, काय न्यायचं अन् तिथं कसं राहायचं

माझं माहेर नागपूर अन् राहतोही नागपूरलाच, पण सासर मालवणच्या वरच्या अंगाला, आचऱ्याच्या बाजूचं एक गाव, मागच्या पडवीत झोपलं की रात्रभर समुद्राचा आवाज येतो इतकं जवळ. लग्न ठरलं तेव्हा समुद्र म्हणजे आमच्या नागपूरचा फुटाळा तलाव जरा मोठा करून बघायचा अशी माझी कल्पना. आता बारा वर्षं झाली, दरवर्षी एक फेरी ठरलेली, अन् आमच्या ओळखीतल्या दोन-तीन पोरी कोकणात दिल्या तर त्यांच्या आयांचे फोन मलेच येतात, की आमची पहिल्यांदा जाऊन राहिली वं, काय काय सांगू तिला. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते.

आधी दिवस मोजा. चार दिवसांची सुट्टी काढून जात असाल तर नकाच जाऊ, दोन दिवस तर जाण्यायेण्यातच जातात, तिसऱ्या दिवशी अंग आंबलेलं असतं अन् चौथ्या दिवशी बॅग भरायला घेतली की सासूबाई अख्ख्या वाडीला सांगतात, "इली नि गेली." कमीत कमी आठ रात्री पाहिजेत. त्यातले दोन दिवस मुद्दाम रिकामे ठेवायचे, काळजी करू नका, ते रिकामे राहत नाहीत, कोणीतरी काकी खळ्यात, म्हणजे अंगणात, उभी राहून जेवायचं सांगून जातेच.

जायचं कसं, तर नागपूरहून मडगावला स्पेशल गाडी आहे, आठवड्यातून दोनदा, वर्धा-अकोला-भुसावळ करत कल्याण-पनवेलवरून थेट कोकण रेल्वेला लागते अन् कणकवली नाहीतर कुडाळला सामानासकट एकदाच उतरायचं. जवळपास २४ तास जातात, पण मधे गाडी बदलायची नाही हे लेकरं सोबत असली की फार मोठं सुख आहे. स्पेशल असल्यामुळे तिची मुदत वाढवत वाढवत चालवतात, म्हणून सुट्टी टाकायच्या आधी चालू आहे का ते बघा. ती नाही मिळाली तर विदर्भ एक्सप्रेस किंवा दुरांतोनं सकाळी मुंबई, दिवसभर कोणा नातेवाइकाकडे आंघोळ-जेवण, अन् रात्रीची कोकणकन्या किंवा दादरहून तुतारी. दोन गाड्यांत दोन तासांचं अंतर ठेवून शहाणपणा करायला जाऊ नका, एकदा केला होता, अख्खी वरात प्लॅटफॉर्मवर. रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, आधी १२० होते, त्यामुळे गणपतीची तिकिटं काढायची म्हणजे सकाळी आठच्या ठोक्याला मोबाईल घेऊन बसायचं अन् देवाचं नाव घ्यायचं. मालवणला स्वतःचं स्टेशन नाही, रेल्वे किनाऱ्यापासून बरीच आतून जाते, उतरल्यावर पुन्हा एसटी किंवा रिक्षा आहेच. संध्याकाळची गाडी असेल तर आधीच घरी सांगून ठेवा, कारण गावाकडची शेवटची एसटी आपण नागपूरला बर्डीच्या बाजारात भाजी घ्यायला निघतो त्या वेळेला सुटून गेलेली असते.

गाडीनं जाणाऱ्यांना सगळे सांगतात समृद्धीनं जा. समृद्धी ५ जून २०२५ ला पूर्ण सुरू झाला, ७०१ किलोमीटर, रस्ता झकास आहे, पण तो तुम्हाला मुंबईच्या तोंडाशी नेऊन सोडतो अन् तिथून खाली पुन्हा चारशेच्या वर किलोमीटर. सिंधुदुर्गात जायचं असेल तर आम्ही यवतमाळ, नांदेड, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर असं जाऊन फोंडा घाट उतरतो. नऊशे किलोमीटरच्या आसपास पडतं. तुळजापूरला मुक्काम, सकाळी भवानीचं दर्शन, मग पुढं. घाट अंधारात उतरू नका, पावसाळ्यात तर अजिबातच नाही.

कधी जायचं हा प्रश्न नागपूरकराला पडत नाही, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढं गेला की कुठंही जाऊ वाटतं. मे चांगलाच आहे, आंबा-फणस-काजू सगळं असतं. पण मासे खायचे म्हणून जून-जुलैत जाल तर फसाल. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, माशांचा विणीचा काळ असतो अन् समुद्रही खवळलेला, मग घरात सुकट, सुके बांगडे अन् खाडीत मिळेल ते. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही पावसाळ्यात बंद. गणपतीत गेलात तर घर भरलेलं, झोपायला जागा नाही, रात्री भजन अन् फुगड्या, मजा खूप पण आराम शून्य. थंडीत जत्रा अन् रात्रभर दशावतार. अन् तारीख ठरवायच्या आधी घरी फोन करून गावचं काय आहे ते विचारा, हे मी हसण्यावारी सांगत नाहीये. आचऱ्यात दर काही वर्षांनी गावपळण असते, अख्खं गाव गुराढोरांसकट तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहुट्या टाकून राहतं, गावात चूल पेटत नाही. तेव्हा तुम्ही बर्फीचे डबे घेऊन दारात उभे राहिलात तर दार उघडायला कोणी नाही.

नेण्याच्या वस्तू. संत्रा बर्फी न्या, सगळ्यांना आवडते. सीझन असेल तर संत्री, पण कडक बघून, बांबूच्या करंडीत, प्लॅस्टिकमधे घामेजतात. आपल्याकडची तूरडाळ न्या, तिथं तिचं खूप कौतुक आहे. जवसाची चटणी, भिवापुरी मिरचीचं तिखट. कुरड्या-सरगुंडे असलं वाळवण न्यायचं तर घट्ट झाकणाच्या डब्यात अन् गेल्या गेल्या संपवा, कारण तिथल्या हवेत ते आठ दिवसांत मऊ पडतात. लोखंडी तवा नेऊ नका, गंज चढतो. अन् कूलर तर कृपा करून नका. मी पहिल्या उन्हाळ्यात सासूबाईंच्या घामाकडे बघून हट्टानं मोठा कूलर घेऊन दिला, आपल्याकडे कूलरशिवाय माणूस जगतो का. लावला तर खोली अजून चिकट, कारण कूलर चालतो तो कोरड्या हवेत पाणी उडून जातं म्हणून, अन् तिथली हवा आधीच पाण्यानं भरलेली, ती अजून पाणी घेणार कुठून. सासरे काहीच बोलले नाहीत. पुढच्या वर्षी गेले तर कूलर मागच्या पडवीत, पंखा काढलेला, अन् आत कोंबडी अंड्यांवर बसलेली. तशीच आहे अजून, म्हणजे कोंबडी बदलली असेल, कूलर तोच.

कपडे सुती न्या, पातळ, अन् नेहमीपेक्षा दोन जोड जास्त, तिथं वाळायला वेळ लागतो. टॉर्च पाहिजेच. अंगणात रात्री चिऱ्याच्या गडग्याजवळून, म्हणजे दगडी कुंपणाजवळून, अनवाणी जायचं नाही, फुरसं हा साप लहान असतो, दिसत नाही अन् विषारी असतो, चावला तर मंत्र-तंत्र न करता सरळ सरकारी दवाखाना. मोबाईलला रेंज आमच्या घरात फक्त सुपारीच्या तिसऱ्या झाडाखाली येते, म्हणून ऑफिसला तिथून काम करीन असं कबूल करून जाऊ नका.

आता बोलणं. मालवणी अन् नागपुरी दोन्ही मराठीच, पण पहिले दोन दिवस दोघांनाही सबटायटल लागतात. मी गेल्या गेल्या चुलतसासऱ्यांना कौतुकानं म्हटलं, "काका, मी स्वयंपाक करून राहिली," आपल्याकडे त्याचा अर्थ करतेय, तर ते म्हणाले, "स्वयंपाक करून मगे रवतलंस खय?" म्हणजे त्यांच्याकडे रवणं म्हणजे मुक्काम करणं. दुसऱ्या दिवशी म्हटलं आलूची भाजी करते, तर जावेनं परसातून अळूची पानं आणून ठेवली, मोठा भारा. दीराच्या पोराला दुकानातून सांभार आणायला पाठवलं तर तो सांबार मसाल्याचं पाकीट घेऊन आला, कोथिंबिरीला सांभार म्हणणारे आपणच. तेव्हा बटाटा म्हणा, कोथिंबीर म्हणा, अन् "बे" तर नागपूर स्टेशनवरच सोडून द्या, तिथं ते उर्मट वाटतं. त्यांचं "गे" मात्र प्रेमाचं असतं. "कधी इलंस गे? किती दिवस रवतलंस?" असं विचारलं की आकडा सांगायचा अन् वर "बघू अजून" लावायचं.

घरात राहायची रीत सांगते. सकाळ लवकर होते. विहिरीचं पाणी, न्हाणीघरात चुलीवर पाणी तापतं, जाळायला नारळाची सोडणं (सालं) अन् चुडतं (झावळ्या), तुम्ही आपणहून चार सोडणं आत सारली तर न सांगता मार्क मिळतात. नाश्त्याला पोहे शोधू नका, दहा-अकराला उकड्या तांदळाची पेज येते, सोबत लोणचं नाहीतर भाजलेला सुका बांगडा. पहिल्या वेळी मला ती आजाऱ्याचं जेवण वाटली होती, आता नागपूरला आल्यावर आठ दिवस तिचीच आठवण येते. जेवणात सोलकढी आधी सरबतासारखी पिऊन टाकू नका, ती शेवटी भातावर घ्यायची असते. अन् "हे तर तिखटच नाही, आमच्याकडचं सावजी खाऊन बघा" हे वाक्य प्रत्येक नागपूरकराच्या जिभेवर असतं, ते गिळा. सोमवारी आमच्याकडे शिवराक असतं म्हणजे मासे-मटण नाही, तुमच्या सासरी वार कोणता ते आधी विचारून घ्या, नाहीतर माझ्या भावासारखं व्हायचं, सोमवारी सकाळी बाजारातून सुरमई घेऊन आला अन् ती दिवसभर शेजारच्यांच्या फ्रीजमधे.

मासे घेणं शिका, त्याशिवाय तिथं तुमचं कोणी काही मानत नाही. मासे बऱ्याचदा वाट्यावर विकतात, किलोवर नाही. कल्ले उघडून बघायचे, आत लालबुंद पाहिजेत, तपकिरी झाले की शिळा. डोळा फुगीर, चकचकीत. पोट दाबलं तर बोट उमटायला नको. वास समुद्राचा यावा, अमोनियासारखा नाही. कापायला विळी लागते, तिला तिथं आडाळो म्हणतात, पहिल्या वर्षी नुसतं बघा, हात घालू नका. खायचं पण तंत्र आहे. तळलेल्या बांगड्याच्या मधोमध बोटानं दाबत एक रेघ काढायची, वरची बाजू अलगद उचलायची, मग काटा शेपटीकडून धरून अख्खा निघतो. पेडवे एवढुसे असतात, ते कडक तळले तर काट्यासकट जातात. तिखल्यात, म्हणजे माशाच्या तिखट कालवणात, काळं फळ दिसलं तर ते तिरफळ, चावायचं नसतं, मी चावलं होतं, जीभ अर्धा तास बधिर.

रापण ओढायला मिळाली तर सोडू नका. होडीनं समुद्रात अर्धगोल जाळं टाकून येतात अन् दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून वीस-तीस माणसं ओढतात, बाया-पोरं पण. हात लावणाऱ्याला थोडी मासळी मिळते असा रिवाज आहे. अंगठ्या काढून ठेवा, ओला दोर हाताला काचतो. आधी तासभर काहीच होत नाही, नुसतं मागं मागं सरकायचं, मग जाळं जवळ आलं की पाणी एकदम चांदीसारखं उकळल्यागत दिसतं अन् वर घारी. माझ्या ओढणीत एका आजींनी सात पेडवे टाकले होते, मोजून सात, ते मी अशा थाटात घरी नेले की जशी मीच समुद्रातून पकडून आणले.

समुद्राचं टायमिंग समजलं की तिथला दिवस समजतो. आधी मले वाटायचं समुद्र काय, केव्हाही जा. सासऱ्यांनी एक हिशोब शिकवला तो लिहून घ्या. भिंतीवरच्या कॅलेंडरमधे आजची तिथी बघायची अन् तिची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता साधारण पूर्ण भरती. म्हणजे पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार, तर दुपारी पावणेचारला अन् पहाटेही त्याच सुमाराला पाणी पूर्ण वर. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, तिला तिथं सुकती म्हणतात. पौर्णिमा झाली की पुन्हा प्रतिपदेपासून एक मोजायचं. थोडंफार मागंपुढं होतं, पण अंदाज पक्का येतो अन् रोज वेळ पाऊण तासानं पुढं का सरकते तेही लक्षात येतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी खूप वर येतं अन् खूप आतही जातं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे सौम्य. वाळूतून लांब चालायचं, तिसऱ्या (शिंपल्या) काढायला जायचं तर सुकतीला.

अन् पोहायचं म्हणाल तर अंबाझरीजवळच्या टँकमधे शिकलेलं पोहणं इथं पोहणं धरू नका. ओहोटी लागली असताना आत जायचं नाही, खाडीच्या तोंडाशी तर कधीच नाही, तिथं ओढ भयंकर असते. लाटा फुटताहेत अन् मधेच एक पट्टा शांत, गडद दिसतोय, तर आपल्याला वाटतं हीच जागा चांगली, पण तिथूनच पाणी आत ओढत असतं. सापडलातच तर किनाऱ्याकडे झगडत यायचं नाही, दम संपतो, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाजूला व्हायचं अन् मग लाटांबरोबर किनाऱ्याकडे. जेलीफिश चिकटली तर वाळूनं घासू नका, समुद्राच्याच पाण्यानं धुवा. लेकरांसाठी आमच्या घरी एकच नियम आहे, गावातलं मोठं माणूस सोबत असल्याशिवाय पाणी घोट्याच्या वर नाही. माझा पोरगा रडतो, रडू दे.

आता गाठीभेटी, जिथं नवी माणसं जास्त चुकतात. आल्यावर आधी घरातला देव, मग मूळ घर, म्हणजे भाऊबंदांत जे थोरलं असेल ते, मग बाकीचे. एक घर सुटलं तर संध्याकाळपर्यंत ते सगळ्या वाडीला माहीत असतं. दुपारी एक ते चार कोणाकडे जाऊ नका, तेव्हा झोप असते. प्रत्येक घरात गूळ-पाणी, मग चहा, उन्हाळ्यात कोकम सरबत, नाही म्हणायचं नाही, अर्धा कप म्हणायचं. निघताना हळदीकुंकू अन् ओटीत नारळ, म्हणून बाहेर पडताना मजबूत कापडी पिशवी न्या, एका दुपारी मी नऊ नारळ घेऊन आले होते अन् खांदा दोन दिवस धरून होता. जाते म्हणायचं नाही, "येते" म्हणायचं, तेवढं आपल्याकडेही आहेच.

अन् एक गोष्ट कोणी सांगत नाही ती मी सांगते. झाडाखाली पडलेला आंबा, फणस, नारळ, काहीही उचलायच्या आधी विचारा. तिथं जमिनी सामायिक असतात, झाड एकाच्या कुंपणात अन् हक्क तिघांचा, वर्षानुवर्षं त्यावरून दोन घरं बोलत नसतात. मी पहिल्या मे महिन्यात हौसेनं पाच आंबे वेचून आणले, धुतले, ताटात मांडले, सासूबाईंनी ते ताट पदराखाली झाकून मागच्या दारानं परत नेऊन दिलं. कोणाचे होते ते मला अजूनही नीट कळलेलं नाही. "तुमचं अन् त्यांचं काय झालं होतं?" असं तर विचारूच नका, दोन्हीकडचा चहा प्या अन् दोन्हीकडे सारखंच हसा.

फिरायला एक दिवस पुरे. मालवणच्या जेट्टीवरून होडीनं सिंधुदुर्ग किल्ला, २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचं बांधकाम सुरू केलं, चारी बाजूंनी खारं पाणी अन् आत गोड्या पाण्याच्या विहिरी, ते लेकरांना नक्की दाखवा. सकाळीच जा, दुपारी दगड तापतो. बाकी पॅरासेलिंग वगैरे तुम्ही बघा, मले त्यातलं काही कळत नाही.

परतीचं सामान येतानाच्या दुप्पट होणार हे धरून एक रिकामी बॅग न्या. आमसुलं, आगळ (कोकमाचा घट्ट रस), कुळथाची पिठी, तिरफळं, मालवणी मसाला, खाजं, आंबापोळी, उकडा तांदूळ. आगळाच्या बाटलीचं झाकण पिशवीत गुंडाळून दोरीनं बांधा, एकदा ते माझ्या नव्या साडीवर सांडलं, डाग अजून आहे. सुकी मासळी हा खरा परीक्षेचा पेपर. सुकट, जवळा, सोडे आधी घरीच उन्हात कडक करून घ्या, मग वर्तमानपत्रात, मग पिशवीत, मग स्टीलच्या घट्ट डब्यात, अन् तो डबा बर्थखाली एकदम भिंतीकडे. तरी अकोल्यापर्यंत कोणीतरी नाक मुरडून विचारतंच, कशाचा वास येऊन राहिला, तेव्हा खिडकीबाहेर बघायचं.

नागपूरला पोचल्यावर डबा लगेच फ्रीजमधे टाकू नका. आपल्या गच्चीवरच्या उन्हात दोन दिवस पसरा, तिथं आठ दिवसांत जेवढं कडक होत नाही तेवढं इथं एका दुपारी होतं, सासूबाई म्हणूनच आता थोडी ओलसर सुकट देतात अन् म्हणतात, तुमच्या उन्हात सुकव. वर जुनी मच्छरदाणी टाका अन् चारी कोपऱ्यांवर विटा ठेवा, कारण आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधली बोकी आम्ही आल्याचं आमच्या वॉचमनच्या आधी ओळखते.